अलक्ष्मी कुठे जाते?

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या घरी झोप अशी कोणाला लागत नाही. पहाटे तीनच्या सुमारास आई उठते. ज्या नव्या केरसुणीला संध्याकाळी लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहिलेले असते, तीच हाती घेऊन ती देवघरापासून केर काढू लागते. तिच्यामागून कोणीतरी सूप बडवीत चालायचे असते. पूर्वी हा मान माझ्याकडे होता. आता तो माझ्या धाकट्या मुलीकडे गेला आहे, आणि ती तो एवढ्या उत्साहाने पार पाडते की अंगणात निजलेले शेजारचे कुत्रे उठून चालू लागते. देवघर, माजघर, स्वयंपाकघर, ओसरी असे करीत केर उंबऱ्याबाहेर पडतो, गल्लीच्या कोपऱ्यावर जातो, आणि आई मागे न पाहता परत फिरते. घरातली अलक्ष्मी गेली; आता पाडव्याचे पाणी तापवायला हरकत नाही.

तीन वर्षांपूर्वी त्या कोपऱ्यावरून परत येताना मुलीने विचारले, "आजी, अलक्ष्मी इथून पुढं कुठं जाते?"

"गावाबाहेर."

"गावाबाहेर कोण राहतं?"

आई म्हणाली, "चल, पाय उचल. थंडी आहे."

मी हसलो. मुले असले प्रश्न विचारतात आणि मोठी माणसे थंडीचे निमित्त करतात, एवढ्यापुरतेच ते हसू होते. शिक्षकाच्या धंद्यात तर हे निमित्त फार उपयोगी पडते. वर्गात थंडीऐवजी तासाची घंटा असते, एवढाच फरक. पण त्याच हिवाळ्यात तो प्रश्न मला पुन्हा भेटला आणि त्या वेळी घंटा झाली नाही. भेटला तो आमच्या परसात, तळ्याच्या काठी.

तळे म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे मेहरूणच्या तलावासारखे काहीतरी उभे राहील. तसे काही मनात आणू नये. आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि अडीच फूट खोल असा विटा-सिमेंटचा एक हौद जमिनीत उतरवलेला, एवढेच आमचे तळे. काठोकाठ भरले तर अठ्ठावीसशे लिटर पाणी बसते. जळगावात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत चढतो. अशा गावात माणसाला पाण्याचा नुसता शेजार हवासा वाटला तर त्याला चैन म्हणू नये. कादंबरीच्या मानधनातून मी ते बांधून घेतले. घरच्यांच्या मते त्या कादंबरीतले एवढेच पाणी खरे!

नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, तो माशांना सोसत नाही, म्हणून ते दोनतीनदा भरून रिकामे केले. मग डासांसाठी गप्पी मासे सोडले, मुलीच्या हट्टाने रंगीत शेपटीचे आणखी काही गप्पी आले, मागोमाग चार सोनेरी मासे आले, एका कुंडीत कमळाचा कंद लावला. पहिले पंधरा दिवस तळाचा खडा न् खडा दिसत होता. संध्याकाळी मी खुर्ची टाकून बसे आणि स्वतःला फार सुखी समजे.

महिनाभरात पाणी मुगाच्या कढणासारखे झाले. त्यात हात घातला तर मनगटाच्या खाली हात दिसेना. मासे वर येऊन हवेसाठी तोंडे उघडू लागले. एका स्नेह्यांनी तुरटी फिरवायला सांगितली. तुरटीने पाणी दोन दिवस निवळले. म्हणजे जी घाण वर तरंगत होती ती खाली जाऊन बसली, आणि मुलीने काडीने ढवळताच पुन्हा वर आली. दुसऱ्या एकाने मोरचूद सुचवला. द्राक्षाच्या बागांत तो फवारतात हे मला ठाऊक होते. पण मोरचुदाने शेवाळाबरोबर मासेही जातात हेही ठाऊक होते. शेवटी मी सर्वांत सोपा उपाय केला. हौदाच्या तळाशी गवंड्याने एक तोटी ठेवली होती. दर रविवारी सकाळी ती उघडायची, निम्मे पाणी जाऊ द्यायचे आणि बोअरच्या पाण्याने पुन्हा भरायचे. तोटीचे पाणी एका नळीने भिंतीपलीकडच्या गटारात पडे, आणि गटार उताराने पुढे जाई. पुढे म्हणजे कुठे, हे मी पाहिले नव्हते. रविवारी दुपारी तळे स्वच्छ दिसे. त्यापलीकडे मला काही विचारायचे नव्हते.

आमच्या शाळेत सोमवारी स्वच्छतेची तपासणी असते. नखे, केस, गणवेश आणि पाय. प्रत्येकी अडीच गुण, एकूण दहा. हा अडीचचा हिशेब माझाच. माझ्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. हुशार नव्हे, पण डोळे फार बोलके. त्या हिवाळ्यात दर सोमवारी त्याचे पाय चिखलाने भरलेले असत आणि दर सोमवारी त्याचे अडीच गुण जात. फेब्रुवारीत एके दिवशी माझा संयम सुटला. मी म्हणालो, "अरे, चार महिन्यांत पावसाचा थेंब नाही. सगळ्या जळगावात धूळ उडते आहे. तुलाच चिखल कुठं मिळतो?" वर्ग हसला. तो काही बोलला नाही. मी त्याला सर्वांच्या देखत नळावर पाय धुवायला पाठवले. पाय धुऊन तो परत आला, तेव्हा ओल्या पावलांचे ठसे फरशीवर दारापासून त्याच्या बाकापर्यंत उमटले होते. ते मला अजून दिसतात.

त्यानंतर महिन्याभराने मतदारयाद्यांच्या कामासाठी मला त्याच्या वस्तीत जावे लागले. शिक्षकाला सरकारने दिलेली ही एक मोठी संधीच म्हणायची. एरवी आम्ही आमच्या मुलांच्या दारापर्यंत कधी जातो? वस्ती आमच्या गल्लीच्या उतारालाच, नाल्याच्या काठी. दिवस रविवारचा. पहिल्याच घरापुढे पाणी साचले होते. हिरवे पाणी. घरात शिरायला त्यात तीन विटा टाकल्या होत्या, आणि तिसरी वीट पाण्याखाली गेली होती. मला पाहताच तो मुलगा धावत बाहेर आला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"सर, सर, आमच्या दारात मासे येतात! दर रविवारी येतात!"

त्याने एक काचेची बरणी माझ्यापुढे धरली. तिच्यात रंगीत शेपटीचे तीन गप्पी फिरत होते.

मी यादी पुरी केली. त्याच्या आजीने चहा दिला, तो घेतला. ही माणसे पारोळ्याकडून कामाला आलेली. आजीची बोली अस्सल अहिराणी. तिने तक्रार एका शब्दाची केली नाही, कारण कोणाविरुद्ध करायची हे तिला माहीत नव्हते. मला माहीत होते. मी सांगितले नाही. घरी येऊन तोटी बंद केली, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे पाय न पाहताच दहापैकी दहा गुण दिले. त्याने चमकून माझ्याकडे पाहिले. इतकी वर्षे मी निबंधांना गुण देत आलो आहे, पण इतका खोटा गुण दुसरा दिला असेन असे वाटत नाही.

आता प्रश्न असा की, मी तोपर्यंत केले ते काय होते? मी तळे स्वच्छ करीत होतो, असे मी समजत होतो. वास्तविक मी ते नुसते हलवीत होतो. घाण जितकी होती तितकीच राहिली होती. फक्त तिच्यावरचे माझे नाव पुसले गेले होते. जगातल्या पुष्कळशा स्वच्छतेचा हिशेब या पद्धतीनेच जुळतो, ही गोष्ट मला वयाच्या चाळिशीनंतर तीन गप्पी माशांनी शिकवली.

तोटी बंद केल्यावर पाणी पुन्हा हिरवे होऊ लागले आणि मला धुळ्याची आठवण झाली. धुळ्याला माझे आजोळ. जुन्या धुळ्यातले ते घर अंधारे, पण त्याचे परस लांबच लांब. न्हाणीचे आणि मोरीचे पाणी एका उघड्या चरातून परसात येई. चराच्या तोंडाशी अळू, मग कर्दळीची रांग, मग केळी, आणि शेवटी एक पेरू. न्हाणीतून निघालेले पाणी राखेने, शिकेकाईने गढुळलेले असे. पेरूपर्यंत पोचेतो ते जमिनीत जिरून गेलेले असे. भिंतीला भोक नव्हतेच. आजीला कोणी विचारले असते की हे पाणी कुठे जाते, तर तिने अळूच्या वड्यांचे ताट पुढे केले असते. महाराष्ट्रात मोरीपाशी अळू आणि कर्दळ लावलेली नाही असे जुने घर क्वचितच सापडेल. आम्ही शहरातल्या शहाण्या माणसांनी मोरीला पाइप जोडला, पाइप गटाराला जोडला आणि अळू बाजारातून विकत आणू लागलो.

आजोळाहून मामांबरोबर साक्रीकडे जाण्याचा योग दोनचारदा आला. त्या भागात पांझरेवर जुने बंधारे आहेत आणि त्यांच्या पाण्यावर तीनशेहून अधिक वर्षे फड पद्धतीने शेती होत आली. शिवाराचे तीनचार फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाणी ज्याने त्याने ओढायचे नाही. ते पाटकऱ्याने पाळीपाळीने द्यायचे. उरलेले पाणी सांडव्याने पुन्हा नदीला, नदीतून खालच्या बंधाऱ्याला. लहानपणी मला यात मौज वाटली ती पाटकऱ्याच्या ऐटीची. आता वाटते ते निराळेच. त्या शेतकऱ्याला आपले पाणी आपल्या आधी कोणाकडे होते आणि आपल्यानंतर कोणाकडे जाणार, ही दोन्ही नावे माहीत असत. मला माझ्या तळ्याच्या पाण्याचे एकही नाव माहीत नव्हते.

तेव्हा मी परसात धुळ्याची मोरी करायचे ठरवले. आमच्या घरात दहावीला अजून मॅट्रिक म्हणतात आणि माझे शिक्षण तिथेच थांबले. त्यामुळे शास्त्र म्हणून मी जे सांगेन ते शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांकडून तपासून घेतलेले आहे असे समजावे. तळ्याच्या शेजारी, त्याच्यापेक्षा दीड वीत उंच, तळ्याच्या निम्म्या आकाराचा एक उथळ हौद बांधला. त्यात फूटभर जाडीची खडी भरली, खाली जाडी, वर बारीक. माती मुळीच घातली नाही. खडीत कर्दळीचे कंद रोवले, कडेने वाळा लावला, एका कोपऱ्यात अळू. कूलरमध्ये असतो तसा, पण थोडा मोठा पंप बसवला. दोन तासांत तळ्याचे पाणी एकदा वर जाऊन यावे एवढ्या ताकदीचा. पाणी एका टोकाला खडीखाली शिरते, मुळांमधून वाट काढते आणि दुसऱ्या टोकाला काठावरून तळ्यात पडते. त्या पडण्याने त्यात हवाही मिसळते.

एक वनस्पती मात्र मला हवी होती आणि रोपवाटिकेत मिळत नव्हती; पाणकणीस. ते नाल्यात उगवते म्हणून कोणी विकत ठेवत नाही. ते मला त्या मुलाने आणून दिले. त्याच्या दारापुढच्या नाल्यातून, मुळांसकट, चिखलाने पुन्हा एकदा गुडघ्यापर्यंत भरून. ज्या नाल्यात मी माझी घाण सोडत होतो, तिथूनच ती खाणारे झाड माझ्याकडे आले. (पाणकणीस फार हात-पाय पसरते. ते कुंडीतच ठेवावे, नाहीतर वर्षात बाकीच्यांना जागा उरत नाही.)

या सगळ्यात घडते काय? मासे अन्न खातात आणि अमोनिया बाहेर टाकतात. त्याचा बराचसा भाग त्यांच्या कल्ल्यांतूनच पाण्यात जातो. हा अमोनिया माशांनाच विषारी. पण खडीवर आणि मुळांवर डोळ्यांना न दिसणारे जंतू वस्ती करतात. त्यांतली एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट करते. त्यांना त्यातून जगण्यापुरती शक्ती मिळते. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे उलगडून दाखवले. नायट्रेट हे झाडांचे खत. ते कर्दळ शोषून घेते, आणि मग हिरव्या शेवाळाला खायला उरत नाही. कर्दळ शेवाळाला मारत नाही. त्याच्या पानावरचे जेवण आधी उचलते, इतकेच.

पहिले सहा आठवडे काहीच झाले नाही. उलट पाणी अधिक हिरवे झाले आणि एक सोनेरी मासा मेला. जंतूंची वस्ती बसायला वेळ लागतो, हे मला मागाहून कळले. माझी पत्नी एकदा म्हणाली, "अहो, दोन तळी झाली, आता दोन्ही हिरवी आहेत." पण आषाढ सरता सरता एका सकाळी मला तळाशी पडलेली मुलीची बांगडी दिसली. ती हरवून पाच महिने झाले होते. मी सगळ्यांना हाका मारून बोलावले.

बांगडी पाहायला त्या मुलाची आजीही आली. तिने तळ्याभोवती एक फेरी घातली, कर्दळीची तांबडी फुले पाहिली, पाण्यात हात घालून वास घेतला. मग तिने विचारले, "मंग आते ती घान कथा जास, मास्तर?"

मी ऐटीत सांगितले, "झाडात."

"आनि झाड कथा जास?"

मला उत्तर आले नाही. मार्गशीर्षात ते आपोआप मिळाले. कर्दळीची खालची पाने पिवळी पडली, वाकली, खडीवर लोळली आणि कुजू लागली. पाणी पुन्हा हिरवट दिसू लागले. झाडाने जे घेतले होते ते झाड परत करीत होते. तेव्हा कळले की झाड घाण नाहीशी करीत नाही. काही काळ सांभाळते. तेवढ्या मुदतीत माणसाने तिथे हात घालायचा असतो. जुनी पाने, जुने दांडे कापून काढायचे, तळ्यापासून दूर खड्ड्यात कुजवायचे, आणि ते खत ज्याला हवे त्याच्या मुळाशी घालायचे. आमच्याकडे ते पपईला जाते. दर पंधरा दिवसांनी विळा घेऊन बसावे लागते. पाने फुकट मिळाली, पण विळा धरणारा हात फुकट मिळत नाही.

हा हात काढून घेतला की काय होते, ते पाहायला पुण्याच्या मुळा-मुठेवर किंवा कोल्हापूरच्या पंचगंगेवर जावे. जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेची; जांभळ्या फुलांच्या मोहाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इकडे आली. घाण शोषण्यात तिचा हात धरणारी वनस्पती क्वचित. ती सांडपाण्यावर पोसते, नदी झाकून टाकते, खालच्या पाण्याला हवा मिळू देत नाही, आणि मेली की तळाशी जाऊन पुन्हा घाण होते. लोक तिला शिव्या देतात. ती बिचारी आम्ही वाढलेलेच जेवते आहे.

आम्ही मुलांना वर्गात शिकवतो की झाडे परोपकारी असतात; स्वतः उन्हात राहून दुसऱ्याला सावली देतात. मी स्वतः या विषयावर किती निबंध तपासले असतील त्याला गणती नाही. तळ्याकाठी बसल्यावर मात्र मला कर्दळीत परोपकाराचा लवलेश दिसत नाही. ती भुकेली आहे. तिची भूक आणि माझी अडचण एका ठिकाणी भेटली, एवढेच. आणि मला यात कमीपणाही वाटत नाही. उलट, ज्या व्यवस्थेत कोणालाही संत व्हावे लागत नाही आणि तरी पाणी स्वच्छ राहते, ती मला संतांच्या व्यवस्थेपेक्षा टिकाऊ वाटते.

हे लिहिताना हात थोडा अडखळतो, कारण मी खानदेशातला शिक्षक आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिकवीत होते. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या ते न बोलता झाडून ठेवीत, अंथरुणे घडी करीत, कपडे धूत. पुढे १९३६ साली आमच्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिलेच, त्या काळात मैला वाहण्याचे आणि ग्रामसफाईचे कामही त्यांनी केले. त्यांना कर्दळीसारखी भूक नव्हती. मग ते काय होते? माझ्या मनात एक अवघड शंका येते: ज्यांची खोली गुरुजींनी झाडली, ती सगळीच मुले लाजून उठली असतील का? एखादा तरी माझ्यासारखा असेल, ज्याला खोली झाडलेली दिसली आणि कोणी झाडली हे विचारावेसे वाटले नसेल. गुरुजींनी त्या मुलासाठीही झाडले. माझ्या टिकाऊ व्यवस्थेच्या हिशेबात हे बसत नाही. बसत नाही, म्हणून ते नव्हतेच असे म्हणण्याइतका मी अजून निर्ढावलेलो नाही.

आणि दुसरीकडे हेही खरे की गुरुजींनी जे आपखुशीने केले, ते आमच्या गावांनी शेकडो वर्षे काही जातींकडून सक्तीने करून घेतले. कर्दळीची भूक तिची स्वतःची आहे. माणसांच्या बाबतीत आम्ही भूक लादली आणि तिला त्यांचा स्वभाव म्हटले, त्यांचा धर्म म्हटले. मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला. पुरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा झाला. गटारात उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या तरीही येतात. ज्या गावाला आपली घाण कुठे जाते हे माहीत नसते, त्या गावाने ती जिथे जाते तिथल्या माणसाचे नावही माहीत करून घेतलेले नसते. मी माझ्या बाबतीत तरी याचा साक्षीदार आहे. मला नाव माहीत होते, हजेरीपटावर रोज पुकारत होतो, आणि तरी माहीत नव्हते.

जगात या विद्येचा मोठा पसारा झाला आहे, असे आता वाचनात येते. जर्मनीत केटे झायडेल नावाच्या बाईंनी १९५० नंतरच्या दशकात लव्हाळ्याच्या जातीची झाडे घेऊन कारखान्याचे विषारी पाणी सुधारण्याचे प्रयोग केले. आपल्या नागपूरची 'नीरी' ही संस्था अशाच झाडांच्या वाफ्यांतून सांडपाणी शुद्ध करते; त्या पद्धतीला त्यांनी 'फायटोरिड' असे नाव दिले आहे. सर्वांत विलक्षण म्हणजे कोलकाता. शहराच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरांची पाणथळ जागा आहे. शहराचे मैलापाणी तिथल्या भेऱ्यांत, म्हणजे उथळ तळ्यांत, जाते. ऊन आणि शेवाळ आपले काम करतात, शेवाळावर मासे पोसतात, आणि ते मासे पुन्हा शहराच्या ताटात येतात. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने या जागेचे मोल जगाला पटवून देण्यात आयुष्य घातले आणि २००२ साली तिला रामसर यादीत स्थान मिळाले. पण ती तळी उपसणारे, काठ बांधणारे, कोणत्या दिवशी किती पाणी आत घ्यायचे ते नुसत्या रंगावरून ओळखणारे कोळी तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. हे शास्त्र त्यांच्या हातात आहे. म्हणजे पुन्हा तोच विळा आणि तोच हात.

माझ्या हातून एक गोष्ट मात्र अजून झालेली नाही. त्या मुलाला मी सांगितलेले नाही की ते मासे कुठून येत होते. तो आता वरच्या वर्गात गेला आहे. रविवारी कधीमधी येतो, माझ्याबरोबर कर्दळ कापायला बसतो. त्याची बरणी फुटली तेव्हा त्यातले मासे त्याने आमच्या तळ्यात आणून सोडले आणि म्हणाला, "सर, आता आमच्याकडं येत नाहीत. बंद झाले." त्याच्या आवाजात खंत होती. मी पाने गोळा करीत राहिलो.

गेल्या दिवाळीत पहाटे सूप वाजले, केर ओसरीपर्यंत आला आणि मुलगी उंबऱ्यात आडवी उभी राहिली. केर कोपऱ्यावर न्यायचा नाही, खतात घालायचा, असे तिने जाहीर केले. आई थक्क झाली. अलक्ष्मी घरातच ठेवायची? पाडव्याच्या दिवशी? बराच वेळ दोघींचे चालले. शेवटी आई काही न बोलता पणती घेऊन मागल्या दाराशी गेली आणि तिथे उजेड धरून उभी राहिली. मुलीने खड्ड्याच्या काठी केर पसरला आणि निवडायला बसली. झेंडूच्या पाकळ्या, वाती, रांगोळीची भुकटी, लाह्या-बत्ताशांचा चुरा, धूळ, असे एकेक आत गेले. हातात उरले ते फटाक्यांचे चंदेरी कागद, चॉकलेटची वेष्टने आणि विजेच्या माळेतले फुटके प्लॅस्टिकचे दिवे.

"बाबा," ती म्हणाली, "हे कोण खातं?"

मी कर्दळीकडे पाहिले, मग भिंतीकडे. गल्लीच्या कोपऱ्यावर अजून अंधार होता. ती मूठ मिटून माझ्याकडे पाहत उभी होती. आई पणती धरून दारातच थांबली होती. या वेळी ती थंडीबद्दल काही बोलली नाही.